धरणगावचा पत्ता : खानदेशातून वैद्यकीय पदवीकडे जाणारी वाट

१/ धरणगाव हे नाव इतिहासाच्या वाचकाला साधारणपणे तीन कारणांनी ठाऊक असते. सतराव्या शतकात येथे इंग्रजांची वखार होती आणि मराठ्यांनी ती लुटली होती. १८२५ साली जेम्स आउट्रमने येथे भिल्ल पलटणीचे ठाणे उभारले. आणि १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, याच गावी जन्मले. या धाग्याचा प्रश्न निराळा आहे. या गावातील मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय पदवी घ्यायची झाली, तर अर्ज कोठे करायचा, आणि त्या अर्जावरील पत्त्याला किती किंमत होती?

२/ आज हा प्रश्न गुणांचा वाटतो. नीटमध्ये किती पडले, यादीत क्रमांक कितवा, पहिल्या फेरीत कोणते महाविद्यालय मिळाले. परंतु पावणेदोनशे वर्षांचा पट पाहिला तर गुणांपेक्षा पत्ताच अधिक वेळा निर्णायक ठरला, असे दिसते. प्रत्येक पिढीत नियम बदलले आणि अर्जदार कोठला, हे विचारण्याची रीतही बदलली.

३/ खानदेश १८१८ साली पेशवाईबरोबर कंपनीकडे आला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८२६ मध्ये, मुंबईत एतद्देशीयांसाठी वैद्यकीय शाळा निघाली. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख. विशेष हे की तेथील शिक्षण देशी भाषांतून द्यायचे होते. त्यासाठी मॅक्लेननने वैद्यकीय ग्रंथ मराठीत आणि गुजरातीत उतरवण्याचे काम हाती घेतले. अर्थात या शाळेतून पदवी मिळत नसे. सरकारी दवाखान्यांना आणि पलटणींना लागणारे दुय्यम मदतनीस घडवावेत, एवढाच हेतू होता. १८३२ मध्ये शाळा बंद पडली. पाश्चात्त्य वैद्यक मराठीतून शिकवण्याचा तो आरंभीचा प्रयत्न सहा वर्षांत संपला.

४/ गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी वर्गणी काढली आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारी सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय, प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड, माध्यम इंग्रजी. पहिले पदवीधर १८५१ साली बाहेर पडले. भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग हे त्यांतलेच.

५/ भाऊ दाजी मूळचे गोव्याचे. म्हणजे जन्मगाव मुंबई असण्याची अट नव्हती. मुंबईत इंग्रजी शाळा शिकलेली असणे मात्र अपरिहार्य होते. भाऊ दाजी एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले होते. खानदेशात त्या काळी इंग्रजी शिक्षणाचा प्रसार नगण्य होता आणि आगगाडी यायला अजून दीड-दोन दशके होती. धरणगावच्या मुलापुढे वैद्यकीय महाविद्यालयाआधी इंग्रजी शाळेचे दार होते, आणि तेही घाटाखाली.

६/ १८६० नंतर ग्रँट कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. हॉस्पिटल असिस्टंट तयार करण्यासाठी हे वर्ग होते. पुढे मराठी वर्गाचे काम पुण्याला गेले; १८७८ साली तेथे बैरामजी जीजीभाईंच्या नावाने वैद्यकीय शाळा उभी राहिली. आजचे बी. जे. मेडिकल कॉलेज ते हेच.

येथे एक गोष्ट नीट पाहण्याजोगी आहे. एकाच शास्त्राचे दोन रस्ते झाले. इंग्रजी येणाऱ्याला पदवी, मोठा पगार, शहरातील व्यवसाय. मराठी येणाऱ्याला शाळेचा दाखला, तालुक्याचा दवाखाना आणि सिव्हिल सर्जनची ताबेदारी. जिल्ह्याच्या गावचा हुशार मुलगा बहुधा दुसऱ्या रस्त्याला लागे. हुशारी उणी होती म्हणून नव्हे. पहिल्या रस्त्याचा प्रवेशकर म्हणजे दहा वर्षांचे इंग्रजी शिक्षण, आणि ते त्याच्या गावात मिळत नव्हते.

७/ मुलींचे काय? त्यांच्यासाठी १८८३ पर्यंत मुंबई इलाख्यात पदवीचे दारच नव्हते. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना घेतले होते. मुंबईत जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी बंगाली यांच्या खटपटीतून ग्रँट कॉलेजची दारे उघडली, ती १८८० च्या दशकात.

८/ त्याच सुमारास मराठी समाजाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रवेश अर्ज लिहिला गेला. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या. तेथून २८ जून रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिले. वय अठरा. हाती कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा कागद नाही. म्हणून पत्राचा सारा भर अन्य गोष्टींवर आहे : आपल्या देशातील स्त्रियांची गरज, स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून केलेला प्रवास, आणि हा निर्धारच आपली पात्रता मानावा ही विनंती.

९/ आजच्या प्रवेश नियमांत असा अर्ज छाननीच्या पहिल्याच टप्प्यावर बाद झाला असता. डीन रेचेल बॉडली यांनी तो स्वीकारला, शिष्यवृत्तीही मिळाली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसाव्या वर्षाच्या आतच, त्या निवर्तल्या. त्यांच्या चरित्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या धाग्यापुरता मुद्दा एवढाच की अर्ज वाचणाऱ्या माणसाला निर्णयाचा अधिकार होता. त्या अधिकाराचा आनंदीबाईंना लाभ झाला. त्याच अधिकाराने इतर किती जणींना परत पाठवले असेल, याची नोंद चरित्रग्रंथांत येत नाही.

१०/ आता पुन्हा खानदेशात. १९०७ साली जळगावला मराठी कवींचे संमेलन भरले. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर : इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी, ग्रँट कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेले, भारतीय औषधी वनस्पतींवरील मोठ्या ग्रंथाचे एक कर्ते, आणि स्वतः कवीही. त्यांच्यासमोर धरणगावच्या सतरा वर्षांच्या ठोंबऱ्याने कविता म्हटली आणि ‘बालकवी’ ही उपाधी त्याला याच संमेलनात मिळाली. धरणगावच्या सर्वांत प्रसिद्ध नावामागे असा एक डॉक्टर उभा आहे.

११/ कीर्तिकर ज्या सेवेत होते तिची परीक्षा १८५५ पासून हिंदी उमेदवारांना खुली होती. वंशाची अट नाही, शिफारस नाही, केवळ गुण. फक्त परीक्षा लंडनला होई. जहाजाचे भाडे आणि तेथील मुक्काम ज्याला परवडे, त्याच्यासाठीच ती खुली. कागदावरची समता आणि परीक्षा केंद्राचे अंतर यांचे हे नाते पुढे पुन्हा भेटणार आहे.

१२/ विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती व्हॅली रेल्वेने धरणगाव सुरतेशी आणि जळगाव-भुसावळशी जोडले गेले. मुंबईत १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले (आजचे टोपीवाला, म्हणजे नायर), १९२६ मध्ये सेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालय. जागा वाढल्या, पण मुंबईतच. शिवाय वैद्यकीयला जाण्याआधी इंटर सायन्स करावे लागे. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ च्या सुमारास उभे राहिले. तोवर खानदेशच्या विद्यार्थ्याला त्या दोन वर्षांसाठीसुद्धा जिल्हा सोडावा लागे. अमळनेर हे धरणगावहून त्याच रेल्वेमार्गावर थोड्या अंतरावर. डॉक्टर होण्याची वाट गावाच्या इतकी जवळ प्रथमच आली होती.

१३/ नेमक्या याच वेळी दुसरा रस्ता बंद झाला. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात सांगितले की देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा आणि लायसेन्शिएट अभ्यासक्रम थांबवावेत. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले : खेड्यांना पुरतील इतके पदवीधर मिळेपर्यंत ही शाखा बंद करू नये. बहुमताचा निर्णय टिकला. पुण्याची शाळा १९४६ मध्येच महाविद्यालय झाली.

दर्जाच्या दृष्टीने भोर समितीचे म्हणणे योग्यच होते. जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र अर्थ असा झाला की आता वाट एकच, एम. बी. बी. एस.; आणि तिच्या तोंडाशी गर्दी सर्वांची.

१४/ राज्य झाल्यावर या गर्दीची विभागणी विद्यापीठांनुसार झाली. ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयातून विद्यार्थी उत्तीर्ण, त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याला प्रवेश. पत्ता आता थेट नियमात आला.

१५/ हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात ग्रँट, जी. एस., नायर आणि १९६४ पासून सायनचे लोकमान्य टिळक अशी चार शासकीय वा महापालिकेची महाविद्यालये. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव हे पाच जिल्हे. आणि राज्याचे महाविद्यालय एक, बी. जे. (पुण्यातच ए. एफ. एम. सी. होते, पण ते सैन्यदलाचे आणि साऱ्या देशाचे.) धरणगावचा विद्यार्थी अमळनेरला शिको की जळगावला, त्याचा अर्ज पुण्यालाच जाई. तेथे त्याच्या रांगेत फर्ग्युसन आणि स. प. महाविद्यालयाची मुले उभी असत.

१६/ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात १०+२ पद्धतीची पहिली बारावी झाली आणि इंटर सायन्सची जागा पीसीबीच्या गुणांनी घेतली. एका बोर्ड परीक्षेतील तीन विषयांची बेरीज हाच प्रवेशाचा पाया. एकेका गुणाने नशीब फिरे. ‘मेडिकल एका मार्काने हुकले’ हे वाक्य खानदेशातल्या कित्येक घरांत नंतरची तीस-चाळीस वर्षे ऐकू येत राहिले. हुकलेल्यांपैकी कोणी आयुर्वेदाला गेले, कोणी बी. एस्सी.ला, कोणी डी. फार्म.ला.

१७/ ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी पुढच्या दशकात नवी सोय झाली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली. वैद्यकीयच्या ‘देणगी’चे आकडे लग्नाच्या हुंड्याइतक्याच हळू आवाजात बोलले जाऊ लागले. १९८७ मध्ये देणगीस बंदी करणारा कायदा आला; १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने फ्री सीट आणि पेमेंट सीट हे शब्द घरोघरी नेले. कापसाचे पीक साधलेल्या वर्षी शेत राखून मुलाला डॉक्टर करता येईल का, हा प्रश्न पाटील-देशमुखांच्या ओसरीवर आला. या भागाची सविस्तर कथा स्वतंत्र धाग्याची आहे.

१८/ पत्त्याचा प्रश्न मात्र १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. खटला : निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. विद्यापीठनिहाय प्रवेशामुळे एका विभागात कमी गुणांवर जागा मिळते आणि दुसऱ्या विभागात जास्त गुण असूनही मिळत नाही. हा समान संधीचा भंग आहे, असे न्यायालयाने मानले. जागांपैकी फार तर ७० टक्के त्याच विभागासाठी राखाव्यात, उरलेल्या ३० टक्के साऱ्या राज्याला खुल्या असाव्यात, अशी मर्यादा घालून दिली. महाराष्ट्रातील प्रसिद्ध ‘७०:३०’ सूत्राचे मूळ येथे आहे. अखिल भारतीय १५ टक्के कोटाही त्याच काळातील निकालांतून आला.

१९/ पुढे हे सूत्र विद्यापीठांऐवजी तीन विभागांवर बसवले गेले : विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. बारावी ज्या विभागातून, तो विद्यार्थ्याचा विभाग. इतिहासाच्या अभ्यासकाने या तीन नावांपाशी थांबावे.

२०/ या रेषा शिक्षण खात्याने आखलेल्या नाहीत. खानदेश १८१८ मध्ये मुंबई इलाख्यात आला. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि पुढे मध्य प्रांताला जोडला गेला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला. म्हणून जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर उर्वरित महाराष्ट्रात, त्याच महामार्गावरचे पुढचे मलकापूर विदर्भात, आणि अजिंठ्याच्या डोंगराकडचे सोयगाव मराठवाड्यात. केळी आणि कापूस तेच, बाजाराचे गाव पुष्कळदा तेच. वैद्यकीयची यादी मात्र तिघांची वेगळी. कंपनी आणि निजाम यांच्यातील तहनामे एकविसाव्या शतकातल्या गुणवत्ता यादीत रकाना होऊन बसले होते.

२१/ यातून खानदेशचे नुकसान झाले का? येथे उत्तर अपेक्षेच्या उलट निघते. ‘उर्वरित’ या पेटीत मुंबई-पुण्याचे प्रतिस्पर्धी होते, हे खरे. पण मुंबई-पुण्याची महाविद्यालयेही त्याच पेटीत होती. राज्यातील बहुसंख्य जागा तेथेच. मराठवाड्याच्या वाट्याला मोजकी महाविद्यालये आली, आणि अधिक गुण मिळवूनही आमची मुले मागे राहतात, अशी तक्रार तेथील लोकप्रतिनिधी वर्षानुवर्षे करत राहिले. जो खानदेश सोयींच्या बाबतीत मराठवाड्याहून फारसा पुढे नव्हता, तो १८१८ च्या योगायोगाने मुंबईच्या पंगतीत बसला होता. खानदेशात याची चर्चा फारशी झाली नाही. लाभाची बाजू सहसा बोलत नाही.

२२/ सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ७०:३० सूत्र रद्द केले. वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात घोषणा केली. ते लातूरचे, हे लक्षात ठेवावे. मराठवाड्यात स्वागत झाले, अन्यत्र नाराजी.

२३/ मधल्या काळात परीक्षाही बदलली होती. १९९९ पासून बारावीच्या गुणांऐवजी राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये नीट झाली, आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने तो निकाल मागे घेतला आणि २८ एप्रिलला आदेश दिला : त्याच वर्षापासून नीट, पहिला टप्पा १ मे रोजी, दुसरा २४ जुलैला.

२४/ राज्याची सीईटी ५ मे रोजी होती. मुलांनी तयारी केलेली होती राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकावर. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा, एनसीईआरटीचा. आणि त्या वर्षी प्रश्नपत्रिका इंग्रजी वा हिंदीतच. १ मे या महाराष्ट्र दिनी काही मुले नीटला बसली, उरलेली सीईटीची पुस्तके घेऊन, ती परीक्षा ग्राह्य धरली जाईल की नाही हे ठाऊक नसताना, अभ्यास करत राहिली. ५ मे रोजी लाखो विद्यार्थ्यांनी अशी परीक्षा दिली, जिची किंमत त्या दिवशी कोणालाच सांगता येत नव्हती. २४ मे रोजी राष्ट्रपतींनी अध्यादेशावर सही केली आणि राज्याच्या जागांपुरती त्या वर्षाची सीईटी वाचली.

२५/ त्या पंचवीस दिवसांत शहर आणि तालुका यांच्यातील अंतर जितके उघड झाले तितके क्वचितच होते. मुंबई-पुण्यात एनसीईआरटीवर शिकवणारे वर्ग आधीपासून होते. अनेक मुले दोन्ही परीक्षांची तयारी करत होती. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती पुस्तके मागवायची कोठून, येथून सुरुवात होती. लंडनची आय. एम. एस. परीक्षा आणि ही नीट यांत शतकाहून अधिक अंतर आहे. केंद्र आता जिल्ह्यात होते, दूर होता तो अभ्यासक्रम. २०१७ पासून नीट मराठीतूनही देता येऊ लागली. प्रश्नपत्रिकेची भाषा मराठी, पुढील साडेपाच वर्षांचे शिक्षण इंग्रजी : १८३२ मध्ये बंद झालेल्या शाळेपुढचा पेच अजून जागच्या जागी आहे.

२६/ महाविद्यालये मात्र अखेर जवळ आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मालेगावचे नेते भाऊसाहेब हिरे यांचे नाव त्याला देण्यात आले. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये उघडले, नंदुरबारचे २०२० मध्ये. ग्रँट कॉलेज निघाल्यापासून जळगावात शासकीय जागा मिळेपर्यंत १७३ वर्षे गेली.

२७/ जळगाव धरणगावहून तासाभराच्या अंतरावर आहे. आता तेथील विद्यार्थी पसंतीक्रम भरताना एका गोष्टीवर अडतो, जी त्याच्या आजोबांपुढे कधी आलीच नव्हती : मुंबईचे जुने, गर्दीचे, नावाजलेले महाविद्यालय वर टाकायचे, की घराजवळचे नवे? जुन्या महाविद्यालयात रुग्णांची विविधता आणि दीडशे वर्षांची परंपरा. जवळच्या महाविद्यालयात वसतिगृहाचा खर्च कमी, आणि वॉर्डातील रुग्णाची अहिराणी पहिल्या दिवसापासून समजते.

२८/ २०२० नंतरच्या राज्य यादीत विभागाचा रकाना नाही. अर्जाबरोबर अधिवास प्रमाणपत्र अजून लागते, आणि दहावी-बारावी कोठून झाली हे अजून विचारले जाते. ८५ टक्के राज्य कोट्यासाठी त्या जागी महाराष्ट्रातील शाळेचे आणि महाविद्यालयाचे नाव असावे लागते. विभाग कोणता, याने आता फरक पडत नाही.